बाईंची गाणी माझ्यापर्यंत आलीच नाहीत

मित्रांनो, असं नाक मुरडू नका! जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे घरघर करणारी ही काळी पेटी म्हणजे मी, तुमच्या शाळेचा जुना सर्व्हर. आता अंगावर बोटभर धूळ आहे आणि एक पंखा फिरता फिरता कुरकुरतो. पण एके काळी माझा थाट काय सांगू!

कारखान्यात माझे सुटे भाग जोडले, तासन् तास तापवून माझी परीक्षा घेतली आणि खोक्यात भरून मला इथे धाडलं. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने माझं बटण दाबलं, टाळ्या पडल्या. काम मोठ्या जबाबदारीचं होतं. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाचं आणि विद्यार्थ्याचं एकेक घर माझ्या पोटात होतं. घर म्हणजे त्यांचं फोल्डर हो! कोणत्याही वर्गातल्या संगणकावर बसा, नाव आणि पासवर्ड टाका, की मी वायरीतून तुमचं घर तिथे हजर करायचो. कालचा निबंध, अर्धवट चित्र, सगळं जिथल्या तिथे. शिवाय प्रत्येक घराला एक खिडकी होती. त्या खिडकीत जे ठेवाल ते तुमच्या वेबसाइटवर साऱ्या जगाला दिसायचं. दारातून फक्त मालक आत येणार, खिडकीतून कुणीही बघणार, असा सरळ हिशेब होता.

माझी देखभाल वायरकाका करायचे. खांद्यावर कायम वायरींची गुंडाळी, म्हणून हे नाव. माणूस जिवाला जीव देणारा, पण लोकांनी त्यांना भंडावून सोडलं होतं. पडद्यावर जरा काही उमटलं की हाका सुरू. "काका, हे काय आलं?" "काका, दाबू का?" शेवटी एक दिवस ते शिक्षकांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "अहो, दर वेळी मला कशाला पळवता? काहीही आलं तरी 'ठीक आहे' दाबा आणि पुढे चला!" सगळे हसले. पुढे सगळ्यांना तीच सवय लागली, आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडलंही नाही.

गाण्याच्या बाई तुम्हाला ठाऊक नसतील. तुम्ही फार लहान होता तेव्हा. त्या गायला लागल्या की शेजारच्या वर्गातलं गणित आपोआप थांबायचं म्हणे. त्यांच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही." बाई घरी जाऊन खूप रडल्या आणि मग पदर खोचून कामाला लागल्या. शाळेत शिकवलेलं प्रत्येक गाणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून आपल्या खिडकीत ठेवायचं, म्हणजे विद्यार्थ्यांना आणि पोटच्या मुलीला कधीही ऐकता येईल, असं त्यांनी ठरवलं. गाण्यांची नावं त्यांनी आपल्या पानावर आधीच एकाखाली एक लावून ठेवली. गाण्यासाठी दिवस निवडला तो सुट्टीचा, कारण एरवी शाळेत हा गोंगाट. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

नेमका तोच दिवस वायरकाकांनीही निवडला होता. माझी जुनी डिस्क भरत आली होती. सकाळीच येऊन त्यांनी सगळी घरं नव्या डिस्कवर हलवली. झालं, एकही वेबसाइट उघडेना! काकांना घाम फुटला. बऱ्याच खटपटीनंतर त्यांच्या लक्षात आलं, की खिडक्या अजून जुन्या डिस्ककडेच बघतायत. त्यांनी खिडक्यांचा पत्ता बदलला. पानं एकामागून एक उघडू लागली, बाईंचंही उघडलं. "सुटलो बुवा!" असं म्हणून काका कुलूप लावून निघून गेले. दारांचा पत्ता जुनाच राहिला होता. तो बघायचं त्यांना सुचलंच नाही.

मग बाई आल्या. संगीताच्या खोलीतल्या संगणकावर त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. संगणकाने माझ्याकडे जुन्या पत्त्यावर घर मागितलं. तिथे काही नव्हतंच, मी तरी काय देणार? त्या संगणकाने बाईंना कळवलं, 'तुमचं घर सापडलं नाही. तात्पुरतं घर देत आहे. बाहेर पडताच ते पुसलं जाईल.' बाईंनी 'ठीक आहे' दाबलं.

त्या दिवसभर गायल्या. मध्येच थांबून कोमट पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुन्हा गायचं. प्रत्येक गाणं त्यांनी वाजवून पाहिलं, ते नीट वाजलंही. संध्याकाळी त्यांनी संगणक बंद केला. त्या मुक्या यंत्राने सांगितल्याप्रमाणे घर झाडून पुसून साफ केलं. इकडे बाईंनी मुलीला फोन केला, "झालं गं माझं काम. आता काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्यात बाकावर बसली होती. आई आत होती. तिने मोबाइलवर आईचं पान उघडून पहिल्या गाण्यावर बोट ठेवलं. 'सापडलं नाही.' मित्रांनो, हे शब्द माझेच. दुसऱ्या गाण्याला तेच, तिसऱ्याला तेच.

तिने वायरकाकांना फोन लावला. काका धापा टाकत माझ्याजवळ आले. खिडकी पाहिली, ती ठीक. दार पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. पत्ता सुधारला, दार उघडलं. आत नुसती नावं होती. ते संगीताच्या खोलीत धावले, तसेच परत आले आणि माझ्याजवळ फरशीवर मटकन बसले. फोन चालूच होता.

"काका, सापडली का?"

"बाळ, ती सर्व्हरपर्यंत आलीच नाहीत गं."

"असं कसं? नीट बघा ना! आई दिवसभर गात होती."

"सगळं बघितलं. सगळं."

"तिला आत नेलंय हो," मुलगी हुंदके देत म्हणाली. "आता मी कुणाला सांगू, पुन्हा गा म्हणून?"



पुढे बऱ्याच दिवसांनी बाई शाळेत आल्या, मुलीचा हात धरून. गळ्याला रुमाल होता. या खोलीत काका त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, चूक माझी आहे. मला रागवा. काहीतरी बोला हो!" बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पानावरची ती नावं पुसायला काका पुढे झाले, तर बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि मान हलवली. म्हणून नावं अजून आहेत. कुठून कुठून जुने विद्यार्थी येतात, एखाद्या नावावर बोट ठेवतात आणि मी म्हणतो, सापडलं नाही. मला दुसरं काही म्हणता येत नाही. फार वाईट वाटतं हो.

आता तुमची घरं दुसरीकडे गेली आणि येत्या सुट्टीत मला बंद करणार आहेत. जाता जाता एवढंच मागतो. पडद्यावर काही उमटलं तर वाचल्याशिवाय बटण दाबू नका. आणि तुमच्या घरात कुणी गाणारं, गोष्टी सांगणारं माणूस असेल, तर त्याच्यासमोर आजच जाऊन बसा. बाईंच्या मुलीने या खोलीत काकांना सांगितलेलं मी ऐकलंय. त्या दिवशी सकाळी ती आईला म्हणाली होती, "मी येऊ का गं ऐकायला?" आई म्हणाली, "कशाला उगाच दिवस मोडतेस? पानावर ऐकशीलच की."