भोकं नसलेली बटणं

मित्रांनो, माझ्या झाकणावरचा गुलाब आता निम्माच उरला आहे आणि एका कडेला पोचा पडला आहे. मी शिंप्याच्या दुकानातला बटणांचा जुना डबा. जन्माने मात्र मी बिस्किटांचा. खाऊच्या आशेने झाकण उघडून हिरमुसलेली मुलं मी कितीतरी पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, मला दर वेळी हसू यायचं.

बिस्किटं संपली तेव्हा मास्तरांनी, म्हणजे आमच्या शिंप्याने, मला धुऊनपुसून शिलाई मशीनच्या उजव्या बाजूला ठेवलं. काजं त्यांच्या बायकोने करायची आणि बटणं मास्तरांनी लावायची, अशी वाटणी होती. बायकोला सगळी गल्ली काकू म्हणते, म्हणून मीही काकूच म्हणतो. मास्तर न बघता माझ्यात हात घालायचे आणि हवं तेच बटण बोटात यायचं. "हा डबा म्हणजे माझा उजवा हात," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. पत्र्याला जेवढं फुगता येतं तेवढा मी फुगायचो.

मग मास्तरांना मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही जेवणांसोबत एकेक गोळी सांगितली. काही महिने त्यांनी ती नेमाने घेतली, साखर उतरली, रिपोर्ट छान आला आणि तिथेच माशी शिंकली.

"अगं, आता मला ठणठणीत वाटतंय. गोळी कशाला?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? पक्की शिवण बसली की कच्चे टाके काढूनच टाकतात."

काकूंना ते पटलं नाही. मास्तर मशीनपाशीच जेवायचे, तिथे त्या रोज जेवणाच्या वेळी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवू लागल्या. मास्तरांनी वाद घातला नाही. ते नुसतं पाणी प्यायचे आणि काकूंची पाठ वळली की गोळी माझ्यात टाकायचे. फेकून द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. चिंधीसुद्धा जपून ठेवणारा माणूस तो! गोळी होती पांढरी, गोल, अगदी शर्टाच्या बटणासारखी. तपासणी जवळ आली की दोन दिवस मात्र खरोखर गिळायचे. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात ना, तसला प्रकार.

मी काय करणार? मला वाजता येतं, बोलता येत नाही.

हळूहळू मास्तर सुई उजेडाकडे धरू लागले. दोरा नेढ्याच्या बाजूने निघून जायचा. एकदा निळ्या शर्टाला त्यांनी काळ्या दोऱ्याने बटणं लावली. "मास्तर, चष्मा बदला की," गिऱ्हाईक हसत म्हणालं. मास्तरांना काही हसू आलं नाही. सारं आयुष्य त्यांनी डोळ्यांच्या जोरावर काढलं होतं. मला काकूंकडे सरकवत ते म्हणाले, "बटणंही आता तूच लाव. मला दोरा ओवता येत नाही." मला फार वाईट वाटलं.

काकूंनी मला मांडीवर घेतलं. पांढऱ्या शर्टासाठी एक बटण उचललं, सुई टेकवली, पण भोक सापडेना. उलटून पाहिलं. दुसरं उचललं, त्यालाही नाही. मग त्यांनी मला एका कापडावर उपडं केलं.

"अहो, या बटणांना भोकं नाहीत."

मास्तरांनी मान खाली घातली.

काकू चिडल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "मी दोन्ही वेळा पाणी आणून देत होते ते कशासाठी? उद्या तुम्हाला माझा चेहराही दिसला नाही तर काय करायचं?"

दुसऱ्याच दिवशी त्या मास्तरांना दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि पुरावा म्हणून मलाही पिशवीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी केली.

"मास्तर, दोन दिवस इस्त्री फिरवून तीन महिन्यांच्या सुरकुत्या जात नाहीत," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या पडद्याला थोडी इजा झाली आहे, ती वाढू द्यायची नाही. धूसर दिसतं ते बरंचसं साखरेमुळे. साखर ताब्यात आली की निवळेल. पण गोळ्या बंद का केल्या?"

मास्तर पुन्हा कच्च्या टाक्यांचं सांगू लागले. काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"गोळी म्हणजे कच्चा टाका नाही हो. ती बटण आहे. लावलंय तोवरच शर्ट बंद राहतो."

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच शिवणकामातलं काही काकूंकडून शिकावं लागलं.

आता जेवताना काकू विचारतात, "बटण लावलं का?" मास्तर गोळी गिळून रिकामा तळवा दाखवतात. अगदी बारीक सुई अजून काकूच ओवून देतात, पण बटणं पुन्हा मास्तर लावू लागले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी रोजच्या गोळ्या घेत असेल, तर बरं वाटतंय म्हणून त्यांना त्या सोडू देऊ नका. गोळीचा त्रास होत असेल, कंटाळा आला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायला लावा. रागावू नका. पाण्याचा पेला द्या आणि पाणी पिऊन होईपर्यंत शेजारी बसा.

आणि कधी आमच्या दुकानात आलात, तर खुशाल माझ्यात हात घाला. बिस्किट मिळणार नाही. पण एकेक बटण चाचपून बघा, सगळ्यांना भोकं आहेत.