जास्वंदीच्या काड्या

मावशींचं घर विकलं गेलं त्या दिवशी सासूबाई तिथून एकच गोष्ट घेऊन आल्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या काड्या. दुहेरी पाकळ्यांची, जर्दाळूच्या रंगाची ती जास्वंद मावशींनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने लावलेली. बहीण गेली, आणि नव्या मालकाला गाडी लावायला जागा हवी म्हणून झाडही जाणार होतं.

त्यांनी एकेक काडी पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली तिरकी कापली, खालची पानं खुडली, वरची अर्धी केली आणि पाण्याच्या बरण्यांत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडली.

"मुळं फुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"श्वास घेतला तर चालेल ना?" माझा नवरा म्हणाला.

 चिऊ रांगायला लागल्यापासून मला घरात वायरी, बटणं आणि टोकदार कोपरेच दिसतात. तशीच चार दिवसांनी एका बरणीत डासाची अळी दिसली. सांगितलं असतं तर "तुला काय, सगळीकडे संकटच दिसतं" हे ऐकावं लागलं असतं. म्हणून चिऊच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं औषध मी गुपचूप सगळ्या बरण्यांत ओतलं. तान्ह्या बाळाला चालतं, काडीला काय होणार?

काड्या काळ्या पडल्या. साल बोटाला चिकटून सुटायला लागली.

सासूबाई बरणी मांडीवर घेऊन बसल्या. "माझ्या हाताला गुणच उरला नाही गं. ताई म्हणायची, तू खराटा रोवलास तरी त्याला पालवी फुटेल."

"थंडीने झालं असेल, आई," मी म्हटलं.

त्या पाणी ओतायला मोरीशी गेल्या आणि थबकल्या. बरणी नाकाजवळ नेली.

"हा चिऊच्या बाटल्यांचा वास ना?"

मी मान हलवली. "अळ्या झाल्या होत्या."

"मला म्हणाली असतीस तर बरण्या गच्चीत नेऊन ठेवल्या असत्या." आवाज चढलाच नाही. चढला असता तर ओरडा खाऊन मी मोकळी झाले असते. "आणि वर थंडी म्हणालीस."

माझे कान तापले. घडी केलेलं फडकं मी उलगडलं आणि पुन्हा घडी करत बसले.

तेवढ्यात चिऊ रांगत आली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि हात वर करून कुरकुरायला लागली. एरवी त्या तिला जाता जाता उचलतात, हात ओले असोत की कणकेचे. आज त्यांनी साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि माझ्याकडे पाहिलं.

"घेऊ का हिला?"

टोमणा असता तर मला लगेच कळला असता. त्या खरंच परवानगी विचारत होत्या.

मीच चिऊला उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांच्याकडे मान वर करून बघणं काही मला जमलं नाही.