साऱ्या वस्तीची सुई

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. नसरापुरात श्रीपाद डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे माझी उमेदीची वर्षे गेली. आता माझा दट्ट्या सैल झाला आहे, नळीवरचे आकडे पुसट झाले आहेत, म्हणून मला कपाटात ठेवून दिले आहे.

मी आले तेव्हा नवी कोरी होते. रोज सकाळी स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यात मला अंघोळ घालत आणि मग कंपाउंडर वसंता मला चिमट्याने उचलून घेई. वसंता भोरच्या चांगल्या घरचा, शिकलेला. त्याचा हात फार हलका होता. "वसंतरावांनी टोचलं की कळत बी न्हाई," असे बायाबापड्या म्हणत, आणि ते कौतुक मी मुकाट्याने माझ्याही नावावर घेत असे. त्याची जीभ मात्र हाताइतकी हलकी नव्हती.

दर उन्हाळ्याच्या तोंडी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचायचे काम निघे. त्या लशीचा जोर काही महिनेच टिके, म्हणून ती दर साली नव्याने घ्यावी लागे. दंड ठणके, अंगात कसकस येई, त्यामुळे लोक टाळाटाळ करत.

१९५३ सालच्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरावरून आबा आले. ते मेंढरे राखणाऱ्या एका वस्तीतले सगळ्यांत वडील. मी त्यांच्या दंडात शिरले तेव्हा त्यांनी डोळासुद्धा मिटला नाही. टोचून झाले की माणसे लगबगीने उठतात. आबा उठले नाहीत. त्यांनी दुसरी बाही वर केली.

"ही आमच्या कारभारणीची, चंद्राबाईची," ते म्हणाले. "मग सुनंची, पारूबाईची. मग भावकीची. समद्यांची मलाच टोचा. मेंढरं टाकून त्यास्नी येता येत न्हाई."

त्यांच्या वस्तीत नवसाचा उपास एकानेच धरायचा आणि तो सगळ्यांना लागू व्हायचा. आबा कितीतरी वर्षे साऱ्या वस्तीचे उपास एकटे काढत आले होते. सुईचेही तसेच असेल, असे त्यांना वाटले. दुखणे आपण सोसावे आणि घरच्यांना वाचवावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

वसंताला हसू आवरेना. "अहो आबा, तुम्ही जेवलात तर सूनबाईंचं पोट भरतं का?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "ज्याची त्यानंच घ्यायची असते. घेऊन या त्यांना."

रांग खो-खो हसली. "आबा, मेंढरांची बी घ्या टोचून," मागून कुणीतरी म्हणाले. आबांनी बाही खाली ओढली. त्यांची मान खाली गेली ती दाराबाहेर पडेपर्यंत वर आली नाही. मी वसंताच्या हातात होते आणि तो हात हसण्याने हलत होता. मला त्या हातात असल्याची लाज वाटली.

आबांच्या वस्तीतले कुणीच आले नाही. थोड्या दिवसांनी बातमी आली की त्यांच्या डोंगराखालच्या एका वाडीत पटकीने माणसे दगावली आहेत. वसंताच्या हातचे काम थांबले.

"डॉक्टर, मी हसलो म्हणून आले नाहीत ते," तो म्हणाला.

डॉक्टर रागावले नाहीत. "मग तू जा. लस घे, स्टोव्ह घे आणि आत्ताच निघ," एवढेच ते बोलले.

मार्गासनीपर्यंत बैलगाडी मिळाली. पुढे मला डब्यात घालून वसंता डोंगर चढला. वस्तीवर पोचलो तेव्हा आबा मेंढरांच्या कुंपणाशी होते. त्यांनी आम्हाला पाहिले आणि पाठ फिरवली. पारूबाई कडेवरच्या मुलाला सावरत पुढे आली.

"कशाला तरास घेतला?" ती म्हणाली. "आमचं झालंय की. मामंजींनी समद्यांची सुई घेतलीया. ताप बी सोसला आमच्यापायी. म्हणून तर सासूबाई काल बिनघोर खालच्या वाडीत मयताला जाऊन आल्या."

वसंताचा चेहरा उतरला. आबांनी खरे काय झाले ते घरी सांगितलेच नव्हते. आता ते सांगायचे म्हणजे त्या म्हाताऱ्याला त्याच्याच माणसांत उघडे पाडायचे.

"त्यांनी तुमच्यासाठीच घेतली, हे खरं," वसंता हळू म्हणाला. "पण एकाची सुई दुसऱ्याला लागू पडत नाही. मी त्यांना ते सांगायला हवं होतं. मी नुसता हसलो. चूक माझी आहे."

आबा कुंपणापासून चालत आले.

"खोटं बोलू नगा, वसंतराव. तुमी सांगितलं व्हतं. म्याच हितं बोललो न्हाई. चारचौघांत हसं झालं, ते कुठल्या तोंडानं सांगू? पारू, म्या तुमास्नी फसवलं."

मग पारूबाईने मूल आबांच्या हातात दिले आणि बाही वर केली. "धरा ह्याला, मामंजी. म्या आधी घेते."

त्या दिवशी सगळ्या वस्तीने सुई घेतली, चंद्राबाईनेही. पण लस अंगात भिनायला काही दिवस जावे लागतात. चंद्राबाईला तेवढे दिवस मिळाले नाहीत. बाकीची वस्ती वाचली.

पुढच्या उन्हाळ्यात आबा साऱ्यांना घेऊन खाली आले आणि आपण सगळ्यांत शेवटी उभे राहिले. त्यांच्या दंडाला स्पिरिट लावताना वसंताने मान वर केली नाही. आबांनीही केली नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मी काच आहे, कधीतरी फुटेन. पण दवाखान्याच्या दारात कुणी भोळेपणाने काही विचारले तर त्याला हसू नका. हसलेला माणूस घरी जाऊन जेवतो आणि विसरतो. ज्याला हसले, तो मात्र पुन्हा विचारत नाही.