चौथा खिळा

मामंजींच्या धार लावायच्या दुकानात, चाकामागच्या भिंतीवर चार खिळे होते. पहिल्यावर त्यांच्या आजोबांचा चष्मा. आजोबा दगड फोडायचे, त्यामुळे त्याला काच नव्हतीच, नुसती बारीक तारेची जाळी. दुसऱ्यावर वडिलांचा, जाड काचांचा आणि बाजूंना मऊ चामडं शिवलेला. तिसऱ्यावर मुलाने हौसेने आणलेला प्लास्टिकचा, त्यात कोळ्याने संसार थाटलेला. चौथा खिळा सुनेने लग्न होऊन आल्या आठवड्यातच ठोकला होता. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची.

"सूनबाई, हा कशाला?"

"तुमचा हट्ट टांगायला. उतरवाल तेव्हा."

मामंजी खो खो हसले होते. हट्ट काही उतरला नाही.

कोणताही तुकडा चाकाला टेकवला की ठिणग्या पाहून मामंजी धातू ओळखत. साध्या लोखंडाची ठिणगी लांब सरळ जाते, पोलादाची टोकाला फुलते. धार किती द्यायची ते त्यावर ठरे. "चष्म्यातून ठिणगी फुललेली दिसत नाही," हे त्यांचं पालुपद. मग उघड्या डोळ्यांनी काम, आणि डोळ्यात कण. डॉक्टरांनी तिसरा कण काढला तेव्हा मुलगा भडकला.

"बाबा, आता एक जरी कण गेला तर चाकाचा पट्टा उतरवून दुकानाला कुलूप लावीन. सांगून ठेवतो!"

तो बोलेल ते करणारा होता. मामंजी त्या दिवशी जेवताना सुनेला हळूच म्हणाले, "चाक गेलं तर मी काय, नुसता जेवायला उरलो."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती दुकानात स्टुलावर बसली. दारात पत्रं वाटणाऱ्या बाई आल्या. मामंजी म्हणाले, "या पैलवान, सुरा आणलात?" बाई पत्र टाकून तणतणत गेल्या. मग मामंजींनी चाक फिरवलं आणि नाक ठिणग्यांच्या वीतभर जवळ नेलं. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठिणगी फुलते ती चाकापासून हातभर लांब, आणि मामंजींना उभ्याने तिथवर दिसतच नाही! म्हणून हा माणूस तोंड आगीत घालतोय, आणि चष्मा बिचारा फुकटचा बदनाम.

"मामंजी, नजर तपासू या."

"माझी नजर घारीची आहे!"

"मग पैज. मी पाच तुकडे टेकवते, तुम्ही चार पावलांवरून धातू सांगा. पाचही बरोबर आले तर चष्म्याचं नाव काढणार नाही."

पैज म्हटल्यावर मामंजी कसले मागे हटतात! पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्याला त्यांनी डोळे चोळले.

"सूनबाई, धूर झालाय का गं?"

धूर कुठेच नव्हता. सुनेला हसू आलं नाही. मामंजींनी पुढे येऊन स्वतःच चाक थांबवलं आणि म्हणाले, "चल. कुठे बसायचं ते दाखव."

नंबर चांगलाच निघाला. तिने न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, नंबराच्या काचा घासल्या. बाजूंना पणजेसासऱ्यांच्या चष्म्यासारखी जाळी लावावी की आजेसासऱ्यांच्या चष्म्यासारखं चामडं, यावर ती दोन दिवस अडली. शेवटी चामडंच शिवलं आणि त्याला सुईने बारीक भोकं पाडली, म्हणजे वाफ धरायला नको.

तो चष्मा घालून मामंजींनी सुताराची पटाशी चाकाला टेकवली. ताठ उभं राहून, हात लांब करून. ठिणग्या सुटल्या आणि टोकाला फुलल्या.

"अगं, एवढी फुलं!"

मग काय विचारता! कानस, खिळा, जुना कोयता, कुलपाची किल्ली, जे सापडेल ते चाकाला. किल्ली दुकानाचीच होती, हे ती झिजल्यावर कळलं. इतक्यात टक् असा आवाज झाला. मामंजींनी चाक थांबवून चष्मा काढला. उजव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, एक बारीक खड्डा पडला होता. दारातून पाहणारा मुलगा धावत आला.

"डोळा?"

"शाबूत," मामंजी म्हणाले. "पट्टा राहू दे. आणि तसंही कुलूप आता लागायचं नाही."

ते भिंतीपाशी गेले. दोन्ही हातांनी डोक्यावरून काहीतरी उतरवल्यासारखं केलं आणि ते चौथ्या खिळ्यावर बेताने अडकवलं.

"खिळा नीट ठोकलायस ना गं सूनबाई? फार जड आहे."