घाटघरची डोकी

आमच्या फुटबॉलच्या सरांचं एक शास्त्र होतं. घाटघरच्या पोरी लहानपणापासून डोक्यावर पाण्याचे हंडे वाहतात, म्हणजे त्यांच्या माना लोखंडी. तेव्हा उंच आलेला बॉल त्यांनीच डोक्यानं मारायचा. जुन्नरच्या होस्टेलात घाटघरच्या आम्ही दोघीच, मी आणि सोनल. मला या शास्त्राचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात कॉर्नरला उडी मारली आणि समोरच्या पोरीचं डोकं माझ्या डोक्यावर आदळलं. ना रक्त, ना टेंगूळ. पण त्यानंतरचा अर्धा सामना मला आठवतच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत मेंदूला हिसका बसलाय. महिनाभर खेळ नाही, मोबाईल नाही, आणि बरं व्हायच्या आत पुन्हा मार लागला तर जिवावर बेतेल. म्हणून मी गावी आले.

घरी हे कुणालाच पटत नाही. हात मोडला असता तर निदान प्लास्टर दिसलं असतं. "आमी जलमभर हंडं उचाललं, आमाला काय झालं न्हाई," असं म्हणून आई शेतावर जाते. मी दार लोटून अंधारात पडून राहते. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

रविवारी फायनल झाली. माझ्या जागी सोनल खेळली. संध्याकाळी आईचा मोबाईल चोरून उघडला, तर टीमच्या ग्रुपवर तिचाच व्हिडिओ. डोक्यानं गोल मारला, तशीच गोलच्या खांबावर आपटली, उठली, आणि पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. माझी आठवण एकीलाही नव्हती. मी जळले, चांगलीच जळले. तरी तिला फोन लावला.

"डोकं दुखतंय का गं?"

ती हसली. "तुला जागा गेल्याचं दुखतंय, हर्षाली."

"ते बी दुखतंय. पर तू सांग."

मग ती हळूच म्हणाली, "उजेड सहन व्हत न्हाई. दोनदा उलटी झाली. कुणाला सांगू नको, परवा जिल्ह्याची निवड हाय. तुला माझी शपथ."

अशी शपथ मोडली तर घालणारी मरते, असं आमच्याकडे म्हणतात. मी रडत रडत सरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तिला लगेच दवाखान्यात नेलं. निवड हुकली. त्यानंतर सोनलनं माझा फोन कधीच उचलला नाही. ती बरी आहे, हे मला सरांकडून कळतं.