सिद्धम्मांच्या दारातल्या शेळ्या

मित्रांनो, मी एक जुना व्ह्यू आहे, म्हणजे माहितीच्या तक्त्यांवरची एक खिडकी. धाराशिवातल्या एका शेळीपालक संघाच्या संगणकात राहतो. माझ्याजवळ स्वतःची एकही नोंद नाही. नोंदी असतात आतल्या तक्त्यांत. कुणी विचारलं की त्यांतलं हवं तेवढंच काढून समोर ठेवायचं, हे माझं काम.

मला संघाचं संगणकाचं काम पाहणाऱ्या झरीन मॅडमनी घडवलं. लोकांच्या मोबाइलमधल्या संघाच्या अ‍ॅपनं थेट तक्त्यांत डोकवायचं नाही, मलाच विचारायचं, हा त्यांचा कडक नियम. मी तीन गोष्टी सांगायचो : शेळी, गाव आणि फोन. लशीची गाडी येणार असली की त्या फोनवर निरोप जायचा. सुरुवातीला माझं कौतुक झालं, मग सगळे मला विसरले. आतले तक्ते सांभाळणाऱ्या दिग्विजय सरांच्या तर मी डोळ्यांत खुपायचो. "मॅडम, हा मधला दलाल कशाला? काढून टाकू की!" मॅडम हसून सोडून द्यायच्या. मला मात्र धडकी भरायची.

एक दिवस तामलवाडीच्या सिद्धम्मा संघात आल्या. त्या अर्धलीनं शेळ्या पाळतात. म्हणजे शेळी दुसऱ्याची, राखण आपली आणि करडं निम्मी-निम्मी.

"गाडी कवा आली, कवा गेली, म्हायतीच न्हाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "निरोप मालकाला, धाराशिवात. लेकरावानी वाढवलेली शेळी रोगानं गेली. आता दोनच ऱ्हायल्यात."

तक्त्यात मालकाला जागा होती, पाळणाऱ्याला नव्हतीच. गाडी तर त्याच आठवड्यात पुन्हा तामलवाडीला येणार होती.

"पाळणाऱ्यांसाठी तक्ता फोडून दोन केले तर सगळ्यांचं अ‍ॅप बंद पडेल," दिग्विजय सर हताश होऊन म्हणाले.

"तुम्ही खुशाल फोडा, सर. बाहेरचं हा निभावेल," मॅडम म्हणाल्या.

हा म्हणजे मी! माझा ऊर भरून आला.

संघातल्या सगळ्यांनी फोन करकरून पाळणाऱ्यांचे नंबर मिळवले. सरांनी एका तक्त्याचे दोन केले, मालकांचा वेगळा आणि पाळणाऱ्यांचा वेगळा. मॅडमनी मला आतून नव्यानं लिहिलं. बाहेरून मी तोच राहिलो : शेळी, गाव आणि फोन. फक्त फोन आता पाळणाऱ्याचा. अ‍ॅपनं नेहमीसारखं विचारलं, मी उत्तर दिलं. त्या बापड्याला काही कळलंसुद्धा नाही.

गाडी येऊन गेली त्या दुपारी सिद्धम्मांचा फोन आला. "बाई, दोगींनाबी लस टोचली. आजवर समद्यांनी इचारलं, शेळी कुणाची. कुणाच्या दारात हाय, ते पयल्यांदाच इचारलं बगा."

दलाल हा शब्द सरांनी पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, ज्यांनी मला टाकून न देता नव्यानं लिहिलं, त्यांचा मी ऋणी आहे. तुम्हीही आत हवं ते बदला, पण बाहेर जे आपल्या भरवशावर आहेत त्यांना तोंडघशी पाडू नका.

पुढं सिद्धम्मांच्या शेळ्या व्यायल्या. वाटणीला आलेली दोन करडं त्यांची स्वतःची झाली. शेळीचा मालक कोण, हे मला कुणी विचारत नाही म्हणून मी सांगत नाही. पण त्या करडांपुढं मालकांच्या तक्त्यातही आता सिद्धम्मांचंच नाव आहे.