न्हाव्याच्या जिवासाठी

"सही करा आणि सुटा, काकू," परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. "'मी खाजगी कामासाठी जात असताना सिग्नल तोडला.' बस, एवढंच. समज देऊन सोडतो. नाहीतर परवाना तीन महिने जप्त."

चष्मा लावून काकूंनी ते वाचलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिलाई मशीन दुरुस्त करून पोट भरणारी बाई. अकरा वर्षं तातडीच्या वैद्यकीय मदत पथकात, तेही फुकट. फोन आला की हातातलं मशीन तसंच उघडं टाकून स्वतःच्या खटारा गाडीनं सुटायचं, हॉर्न दाबत; लोक त्यांना भोंगाकाकू म्हणतात ते काय उगाच? परवा बाजारातल्या एका न्हाव्याचं हृदय बंद पडलं. काकू सिग्नल तोडून चार मिनिटांत पोचल्या, रुग्णवाहिका सतराव्या मिनिटाला. न्हावी आज घरी बसून बायकोशी भांडतोय.

"न्हावी माझा ना नात्याचा ना गोत्याचा. मग काम खाजगी कसं हो?"

"गाडी खाजगी ना! जागेवर पोचलात की तुम्ही स्वयंसेवक. वाटेत असता तोवर साध्या नागरिक. कायदाच तसा आहे."

"मग काय उडत जाऊ?"

शेजारी बसलेला नवरा कुजबुजला, "अगं, कर की सही. एका शब्दासाठी कशाला अडून बसतेस?"

"तुम्ही गप्प बसा हो. सिग्नल तोडला, तोडला म्हणतेच आहे मी! पण हिंडायला निघाले होते असं मेले तरी लिहून देणार नाही."

त्यांनी 'खाजगी कामासाठी' यावर आडवी रेघ ओढली, वर 'न्हाव्याच्या जिवासाठी' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "खाडाखोड चालत नाही, काकू."

"मग घ्या हा." काकूंनी परवाना टेबलावर ठेवला. जिन्यात मात्र त्यांना रडू कोसळलं. तीन महिन्यांत कुणाला काय होईल, कोणी सांगावं?

फाटकाशी येतात तोच फोन वाजला. मागच्याच गल्लीत एक आजोबा जिन्यावरून पडले होते. काकूंनी गाडीतून प्रथमोपचाराची जड बॅग ओढून काढली आणि गाडीला कुलूप लावलं.

नवऱ्यानं बॅग हिसकावून घेतली. "दे इकडे. तू पळ."

गुडघे कुरकुरत होते, तरी काकू पळत सुटल्या. मागून दोन्ही हातांनी बॅग कवटाळून, धापा टाकत, नवरा "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून ओरडत होता.